काकू जर्मन शिकतेय, हे पुतण्याला ॲपनं सांगितलं

पत्र थोडक्यात असं आहे. मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स असलेली एकतीस वर्षांची मैत्रीण फोनवरच्या एका ॲपवर जर्मन शिकतेय. जर्मनीत नर्सची नोकरी बघायची असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलंय, पण जर्मनची बी-वन (मधल्या पातळीची) परीक्षा पास होईपर्यंत घरात बोलायचं नाही असंही ठरलंय, कारण घर एकत्र आहे, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय आणि नक्की काही नसताना "हे दोघं निघाले" असं कुणाला वाटायला नको. मागच्या महिन्यात नववीतल्या पुतण्यानं जपानी शिकायला तेच ॲप आईच्या फोनवर घेतलं आणि रात्री सगळे जेवायला बसलेले असताना विचारलं, "काकू, तू जर्मन शिकतेस? एकशे बारा दिवस झाले?" ही भाकरी थापत होती, हात तसाच परातीत राहिला. तेव्हापासून सासूबाई कामापुरतं बोलतात आणि जाऊ विचारते की अजून काय काय लपवलंय. मैत्रीण म्हणते, मी तर कॉन्टॅक्टची परवानगीसुद्धा दिली नव्हती, मग त्याला कळलं कसं? ॲप उडवून टाकू का? बोलण्याच्या सरावात तिथल्या बॉटला, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या प्रोग्रामला, पगार, घरातली कुरबूर, एजंटचं नाव सगळं सांगून बसलेय, ते एजन्सीकडे किंवा व्हिसावाल्यांकडे जाईल का? नवरा म्हणतो आपण साधी माणसं, आपला डेटा घेऊन कोण काय करणार. आणि शेवटी, "ताई, चूक माझीच ना?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो घेतल्याशिवाय बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणार नाही. चूक तुझी नाही. तू कॉन्टॅक्टला नाही म्हणालीस आणि तुला वाटलं विषय संपला, आणि कुणालाही तसंच वाटेल, मलाही अनेक वर्षं तसंच वाटत होतं. पण या "ओळखीचे शोधा" प्रकाराला दोन टोकं असतात. तुझ्या फोनमधले नंबर ॲपला द्यायचे की नाही हे एक टोक, ते तू बंद केलंस. दुसरं टोक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये तुझा नंबर असेल तर ॲपनं तुला त्याच्यासमोर आणायचं की नाही, आणि ते टोक बहुतेक ठिकाणी मुळातच उघडं ठेवलेलं असतं. तू ॲपमध्ये शिरताना मोबाईल नंबर टाकलास, ओटीपी आला, झालं, तुझा नंबर त्यांच्याकडे गेला. मग जावेच्या फोनवर पुतण्यानं ॲप घेतलं, मध्ये एक चौकोन आला असणार की तुमचे मित्र इथे आहेत का बघू का, त्यानं हो दाबलं (चौदा वर्षांचं पोर, ते हो दाबणारच), जावेच्या फोनमधले सगळे नंबर तिकडे गेले, त्यात तुझाही होता, तो जुळला आणि तुझं नाव, तुझी भाषा, तुझे एकशे बारा दिवस असं सगळं त्याच्या स्क्रीनवर आलं. म्हणजे तुझी बातमी द्यायला तुझी परवानगी लागलीच नाही, जावेच्या फोनबुकची परवानगी पुरली, आणि तीही जावेनं स्वतः दिलेली नाही.

हे फक्त तुझ्या घरात झालंय असं समजू नकोस. २०२३ च्या जानेवारीत ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या २६ लाख वापरणाऱ्यांची माहिती हॅकर लोकांच्या बाजारात १,५०० डॉलरला विकायला आली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच माहिती दोनेक डॉलरला, म्हणजे जवळपास फुकट वाटली गेली. त्यात कुणी तिजोरी फोडली नव्हती. ॲपच्या आतलं एक दार असं होतं की तिथे ईमेल आयडी टाकला की या आयडीचं खातं आहे का ते कळायचं, आणि असेल तर प्रोफाइलवरची माहिती मिळायची. कुणीतरी लाखो ईमेल त्यात टाकून बघितले आणि जुळले ते गोळा केले. कंपनीचं म्हणणं होतं की ही सार्वजनिक प्रोफाइलवरचीच माहिती आहे, आमच्याकडे चोरी झालेली नाही. शब्दशः बघितलं तर बरोबरच. पण नाव उघडं असणं वेगळं आणि त्या नावाला ईमेल चिकटवून यादी होणं वेगळं. तुझ्या घरी तेच झालं, फक्त यादी एका माणसाची होती आणि ती भाकरीच्या वेळी वाचून दाखवली गेली.

आता "लपवलं" या शब्दाबद्दल, कारण जाऊ तो वापरतेय आणि मला वाटतं तूही आता स्वतःबद्दल तोच वापरायला लागलीयेस. तू नर्स आहेस. वॉर्डात एखाद्या बाईचा रिपोर्ट येतो, बाहेर नातेवाईक उभे असतात, सासू विचारते सिस्टर काय आलं हो, आणि तू म्हणतेस डॉक्टर सांगतील. तेव्हा तू काही लपवत नसतेस. त्या बाईनं आधी ऐकायचं, मग तिनं ठरवायचं कुणाला कधी सांगायचं, हा तिचा हक्क तू राखत असतेस. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, आणि तो निकाल आधारच्या वादातून आलेला असला तरी मला त्याचा अर्थ इतका साधा वाटतो की स्वतःची गोष्ट कधी सांगायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. तुला सासूबाईंना सांगायचंच होतं. ऑपरेशन झाल्यावर, परीक्षेचा निकाल हातात आल्यावर, शांतपणे, बहुतेक नवऱ्याला शेजारी बसवून. ती वेळ तुझ्याकडून हिसकावली गेली. तुझं नुकसान झालंय ते हे, आणि ते खरं नुकसान आहे, पैसे गेले नाहीत म्हणून ते कमी होत नाही.

इथेच तुझ्या नवऱ्याचं वाक्य येतं. तो वाईट हेतूनं म्हणत नाहीये हे पत्रातून कळतं, धीर द्यायला म्हणतोय. पण "आपण साधी माणसं" यात एक गृहीत धरलेलं असतं, की डेटा म्हणजे बँकेचा नंबर, आधार, पॅन, काहीतरी मोठ्या माणसाचं. मी तुला माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका भाषेच्या ॲपकडून माझी सगळी माहिती मागवली. बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते, अर्ज केला की काही दिवसांनी ईमेलवर एक झिप फाइल येते. मला वाटलं नाव, ईमेल, पास झालेले धडे, एवढं असेल. उघडली तर रांगाच्या रांगा, तारीख, वेळ, कुठला शब्द, बरोबर की चूक, किती सेकंद लागले. खाली खाली जाताना एक आठवडा दिसला ज्यात सगळे धडे रात्री अडीच ते सव्वातीनच्या दरम्यान केलेले होते, २ वाजून ४० मिनिटं, २ वाजून ५२, पुन्हा ३ वाजून १०, आणि सोप्या सोप्या शब्दांना चुका. मी ती तारीख बघितली आणि मला आठवलं, बाबा आयसीयूत होते, मी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून झोप येऊ नये म्हणून ते धडे करत होते. मी ॲपला बाबांबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तरी ते सगळं तिथे होतं, म्हणजे "आयसीयू" असं लिहिलेलं नव्हतं, पण एका बाईची झोप उडालीय, लक्ष लागत नाहीये, हे कुणालाही वाचता आलं असतं. साध्या माणसाचा डेटा असा असतो. तुझा काढलास तर त्यात तुझ्या नाइट ड्युट्या दिसतील, भांडण झालं त्या दिवशी खाडा दिसेल, आणि आधी घरगुती शब्द मग अचानक इंजेक्शन, ब्लडप्रेशर, जखम असे शब्द यायला लागले तो दिवस दिसेल, म्हणजे तू निघायचं ठरवलंस तो दिवस. घरच्यांच्या आधी ते ॲपला माहीत होतं.

पण हे ऐकून घाबरून जाऊ नकोस, कारण याच माहितीचा एक भाग तुझ्या कामाचा आहे आणि तो मी नाकारणार नाही. तू कुठला शब्द कधी विसरशील याचा अंदाज बांधून तो विसरायच्या आधी पुन्हा समोर आणायचा, हे या ॲपचं मुख्य बळ. ड्युओलिंगोच्या लोकांनी २०१६ मध्ये यावर एक शोधनिबंध काढला आणि त्यासाठी शिकणाऱ्यांच्या सव्वा कोटीहून जास्त नोंदी, नावं काढून, संशोधकांना खुल्या करून दिल्या. तुझ्या चुका साठवल्याशिवाय हे होऊच शकत नाही. तसंच, आठवणीचं नोटिफिकेशन कुठल्या वाक्यात पाठवलं की माणूस परत येतो, हेसुद्धा ते आपल्या वागण्यावरून शिकतात, आणि इथे मात्र माझं मन थोडं आखडतं, कारण शब्द आठवून देणं माझ्यासाठी आहे, मला परत ओढून आणणं जास्त त्यांच्यासाठी आहे. आणि फुकट आहे म्हणजे आपल्याला विकतातच, असं जे सरसकट म्हणतात तेही तपासून घ्यावं. ड्युओलिंगो सुरू झालं तेव्हा कल्पना अशी होती की शिकणाऱ्यांनी सरावात केलेलं भाषांतर वेबसाइटवाल्यांना विकायचं, सीएनएन आणि बझफीड त्यांचे गिऱ्हाईक होते. ते पुढे सोडून दिलं, आता मोठी कमाई पैसे भरणाऱ्या सबस्क्रायबर लोकांकडून येते, त्याच्या खाली जाहिराती आणि इंग्रजीची परीक्षा. म्हणून प्रत्येक ॲपला एकच प्रश्न विचारायचा, तुझं पोट कशावर चालतं? जाहिरातीवर चालत असेल तर "पर्सनलाइज्ड ॲड्स" हे बटण आधी बंद कर. छोटंसं अनोळखी ॲप असेल, पैसे घेत नसेल, जाहिरातही दिसत नसेल आणि कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोटो असं सगळं मागत असेल, तर ते मुळात ठेवूच नकोस.

आता बॉट. तू लिहिलंयस की रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून त्याच्याशी बोलायचीस, आणि "तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा" म्हटल्यावर खरंच सांगितलंस. मला हे वाचून गलबलून आलं, कारण दिवसभरात त्या घरात तुला तुझ्याबद्दल विचारणारा तो एकटाच होता. आधी भीती काढते. तुझं हे बोलणं जर्मन वकिलातीच्या टेबलावर जात नाही. व्हिसासाठी आणि नर्स म्हणून मान्यता मिळवायला ते बघतात प्रमाणपत्र, गोएथेचं, म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनातलं, किंवा टेल्क, ओएसडीसारखं मान्य असलेलं, आणि नर्सच्या मान्यतेला साधारण बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची पातळी, लागतं. ॲपवर तू कितीदा डेर आणि डीमध्ये चुकलीस, तुझी लीग (ॲपवरच्या स्पर्धेतला गट) कुठली, याचं त्यांना काही देणंघेणं नाही. एजन्सीलाही ॲप आपणहून काही पाठवत नाही, तूच स्क्रीनशॉट पाठवलास तर गोष्ट वेगळी.

पण जातं कुठे, तर ॲपच्या सर्व्हरवर, आणि पुष्कळदा तिथून पुढे दुसऱ्या कंपनीकडे, कारण संभाषण करणारा मेंदू बहुतेक भाषा-ॲप स्वतः बनवत नाहीत. ड्युओलिंगोनं २०२३ च्या मार्चमध्ये जो महागडा प्लॅन आणला त्यातलं संभाषण ओपनएआय या दुसऱ्या कंपनीच्या जीपीटी-४ या एआयवर चालत होतं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. म्हणजे तू एकाशी बोलतेस आणि खोलीत दोघं असतात. आवाजाचंही तसंच, काही ठिकाणी तो फोनमध्येच तपासला जातो, काही ठिकाणी वर पाठवला जातो, काही ठिकाणी "आमची सेवा सुधारायला" ठेवून घेतला जातो, आणि त्या शेवटच्यासाठी सेटिंगमध्ये बटण असेल तर ते बंद कर, शिकण्यात काही फरक पडत नाही.

यावर मी स्वतः करते तो उपाय सांगते आणि तो सगळ्यांनाच उपयोगी आहे. सरावासाठी एक खोटी बाई तयार कर. नाव काहीही, सोलापूरची, दोन भाऊ, एक मांजर, वडील पोस्टात, पगार असा गोल आकडा. वहीत लिहून ठेव म्हणजे रोज तेच सांगता येईल. बॉटनं विचारलं तुमची सासू कशी आहे की त्या बाईची सासू सांग. व्याकरण तेच, शब्द तेच, परीक्षेतही तोंडीला खरंच बोलावं लागतं असा नियम नाही, तिथे भाषा तपासतात. पेशंटबद्दल मात्र खोट्या नावानंही खरी केस सांगू नकोस, कॉट नंबर, हॉस्पिटल, आजार, तारीख यातलं काहीच नको, तुझ्या हॉस्पिटलाच्या दृष्टीनं तो गोपनीयतेचा भंग होईल आणि तिथे तुझी नोकरी आहे. आधी बोलून झालंय त्याचं काय, तर बहुतेक ॲपमध्ये संभाषणाचा इतिहास पुसता येतो, तो पुस. आणि कंपनीला ईमेल करून विचार की माझ्या आवाजाच्या फाइली ठेवल्यात का, असतील तर काढा.

तू विचारलं नाहीयेस पण पत्रात मधेच एक ओळ येऊन गेली आणि मी तिथेच थांबले. तू एजंटला पासपोर्ट, जीएनएमचं सर्टिफिकेट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलंस, आणि त्यानं ते "आमच्या ग्रुपवर टाका" असं सांगितलं, ज्यात अजून साठ मुली आहेत. अगं, तू ज्या ॲपला घाबरतेयस त्याच्या शंभरपट मोठी गोष्ट ही आहे. ॲपकडे तुझे चुकलेले शब्द आहेत, त्या ग्रुपवर तुझी अख्खी ओळख आहे, आणि साठ फोनांतल्या कुठल्या गॅलरीत ती आपोआप सेव्ह झालीय सांगता येत नाही. ग्रुपवरचा मेसेज अजून "सर्वांसाठी डिलीट" होत असेल तर कर, नसेल तर एजंटला लेखी सांग की काढा. यापुढे आपल्याकडे झेरॉक्सवर आडवं लिहून सही करतात ना, "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख, तसं प्रत्येक स्कॅनवर कर आणि एका माणसाच्या ईमेलवरच पाठव. आणि तो एजंट मुळात नोंदलेला आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघ, नोंदणी झालेल्या एजंटांची यादी तिथे आहे. महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावोगाव जर्मनीच्या पाट्या लागल्यात, त्यात चांगले लोकही आहेत, पण नंबर नसलेल्याला कागद देऊ नकोस.

आता मूळ प्रश्न, ॲप उडवू का. तू ज्या अर्थानं म्हणतेयस त्या अर्थानं उडवून काहीच होणार नाही. फोनवरून ॲप काढलं की फक्त तुझ्या फोनवरून ते जातं, तुझं खातं, तुझे एकशे बारा दिवस, तुझा आवाज सगळं तिकडे तसंच राहतं आणि उद्या दुसऱ्या भाचीनं ॲप घेतलं तर तिलाही तू दिसशील. किती जणांना मी बघितलंय, घाबरून अनइन्स्टॉल करतात आणि निश्चिंत होतात, वर यूपीआयचं ऑटोपे चालूच राहतं आणि वर्षानं पैसे कटतात. खातं बंद करायचं असेल तर आत शिरून, सेटिंगमधून, "डिलीट अकाउंट" दाबून बंद करायचं, त्याआधी आपली माहिती मागवून घ्यायची (ड्युओलिंगोला यासाठी डेटा व्हॉल्ट नावाचं वेगळं पान आहे, बाकीच्यांच्या प्रायव्हसी पानावर ईमेल दिलेला असतो), आणि यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, वेगळं रद्द करायचं.

पण मला वाटतं तू बंद करू नयेस. जे बाहेर पडायचं ते पडलंय, आता बंद केलंस तर घरातलं कळलेलं परत जाणार नाही, फक्त तुझं जर्मन जाईल. त्यापेक्षा आज रात्री अर्धा तास काढ. ॲपच्या प्रायव्हसीत जाऊन "फोन नंबरवरून मला शोधता येईल" हे बंद कर, प्रोफाइल सार्वजनिक आहे ते खासगी कर, फोटो काढ, पूर्ण नावाच्या जागी काहीतरी दोन अक्षरी ठेव. प्रोफाइल खासगी केलं की ड्युओलिंगोसारख्या ठिकाणी लीडरबोर्डमधून बाहेर पडावं लागतं, ते थोडं लागतं मनाला, मला माहितीय, पण दिवसांची मोजणी चालू राहते. नंबर काढून टाकता येत असेल तर काढ आणि फक्त याच कामासाठी एक वेगळा ईमेल काढून तो जोड. मग ॲपमधून बाहेर येऊन फोनच्या सेटिंगमध्ये बघ, माइक "ॲप वापरताना फक्त" यावर, कॉन्टॅक्ट आणि लोकेशन "नाही" यावर. प्रोफाइल खासगी करता येत नाही असं निघालं तर मात्र ते ॲप सोड, स्ट्रीकसकट (सलग दिवसांच्या मोजणीसकट) सोड, नवीन खातं नवीन ईमेलनं दुसरीकडे काढ. एकशे बारा दिवसांत शिकलेलं जर्मन तुझ्या डोक्यात आहे, त्या आगीच्या चित्राशेजारच्या आकड्यात नाही.

कायद्याचं विचारशील म्हणून सांगते. आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्यात आपली माहिती बघायला मागणं, दुरुस्त करणं, पुसून मागणं, तक्रार करणं हे सगळं आहे. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, संमती मागताना जी नोटीस द्यायची ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय दिला पाहिजे असं कायदा म्हणतो, म्हणजे मराठीतसुद्धा. जगाला भाषा शिकवणाऱ्या कंपन्यांकडे तर हे मागायलाच हवं, मी मागते, तूही माग, मराठीतच ईमेल लिही. शिवाय तुझं ॲप युरोपातल्या कंपनीचं असेल, समजा बॅबेलसारखं बर्लिनचं, तर युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा त्या कंपनीला बांधून घालतो आणि शिकणारी मिरजेत बसलीय की म्युनिकमध्ये यानं फरक पडत नाही. तिथे माहिती मागितली तर साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. म्हणजे जर्मनीत लागू असलेल्या कायद्याचा पहिला उपयोग तुला तिकडे जायच्या आधीच करून बघता येईल.

पुतण्याचं राहिलं. त्याच्यावर राग धरू नकोस, त्यानं कौतुकानं विचारलं होतं, तुझं पत्र पुन्हा वाच, "एकशे बारा दिवस?" यात त्याला नवल वाटलेलं आहे. पण त्याच्याकडे बघायला हवं, कारण तो चौदाचा आहे आणि आईच्या नंबरवरून, बहुतेक खोटं वय टाकून आत गेलाय. भारताच्या नव्या कायद्यात अठराच्या आतल्याला मूल धरलंय, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई आहे. पण वय वाढवून टाकलं की ॲपच्या लेखी तो मोठा माणूस, मग ते संरक्षण त्याला मिळतच नाही. आणि आत त्याला कोण फॉलो करतंय, अनोळखी माणसं अभिनंदनाचे मेसेज पाठवतायत का, हे जावेला माहीतही नसेल. तिचं अख्खं फोनबुक वर गेलंय हेसुद्धा तिला ठाऊक नसणार. त्यात तिच्या माहेरच्यांचे, भिशीतल्या बायकांचे, पोराच्या क्लासच्या बाईंचे नंबर आहेत.

म्हणून मला वाटतं सासूबाईंच्या आधी तू जावेशी बोल. माफी मागायला म्हणून नको. रविवारी दुपारी तिचा फोन घेऊन तिघं बसा, तू, ती आणि तो. तिला दाखव की हे बघ वहिनी, मी सांगितलं नव्हतं, तुझ्या फोनमधून हे असं गेलं, आणि ते परत घेता येतं, बऱ्याच ॲपमध्ये "अपलोड केलेले कॉन्टॅक्ट काढा" असं असतं. त्याचं वय खरं टाका, प्रोफाइल खासगी करा, त्याला जपानी शिकू दे, ते सोडायला लावू नका. "अजून काय काय लपवलंय" या प्रश्नाचं उत्तर तिला त्या बसण्यातच मिळेल, कारण तिच्याही लक्षात येईल की त्या फोनमध्ये तिचंही बरंच काही होतं जे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तू रोज घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतेस. मी एवढंच म्हणेन की जर्मनीपासून सुरुवात करू नकोस, गुडघ्यापासून कर. ऑपरेशनची तारीख, मी रजा कधी टाकलीय, फिजिओथेरपीचे पहिले सहा आठवडे कोण काय करणार, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. त्यांना भाषेचा राग आलेला नाहीये, आपण पडून असताना ही नसेल याची भीती वाटलीय, आणि ती बातमी त्यांना नातवाच्या तोंडून, ताटावर बसून कळली. त्यांचीही वेळ तशीच हिसकावली गेली. मग त्यांनी विचारलं तर जर्मनीचं सांग, जेवढं ठरलंय तेवढंच, बी-वन पास व्हायचंय, मग बी-टू, मग कागद, अजून बराच वेळ आहे.

आणि गुडघ्याला जर्मनमध्ये क्नी म्हणतात, हा शब्द तुझा पक्का असेलच, पण पुढचं पत्र लिहिशील तेव्हा त्यांचा गुडघा कसा आहे तेही कळव. पत्र माझ्याकडून कुठे जाणार नाही, मिरज सोडून बाकीच्या खुणा मी वर बदलल्यात.

तुझी ताई